हातात किती?

मुकुंदराव पागनीस कुणालाही भेटले की आधी पगार विचारतात. नाव, गाव, तब्येत हे सगळं त्यानंतर, तेही वेळ उरला तर.

सात वर्षांपूर्वी मी सांगलीहून नोकरीसाठी इंदूरला आलो. तीन-चार महिने लॉजवर काढले आणि अन्नपूर्णा भागात त्यांच्या घराचा वरचा मजला बघायला गेलो. त्यांनी मला फाटकातच थांबवलं.

"पगार?"

"बावन्न हजार," मी म्हणालो. घरमालकाला भाड्याची काळजी असणार, असं मला वाटलं.

"अच्छा. हातात किती?"

"चव्वेचाळीस."

त्यांनी डोळे मिटले. ओठ थोडे हलले. "आठ कटते? जास्त आहे. पीएफ धरा, प्रोफेशनल टॅक्स धरा, तरी सातशे-आठशे कुठेतरी जाऊन राहिलेत. ऑफिसात विचारा." मग फाटक उघडत म्हणाले, "भाडं अकरा हजार. पंखे दोन आहेत. तुमचं नाव काय?"

मी ऑफिसात विचारलं. माझ्याकडून दरमहा साडेसातशे रुपये कँटीनचे म्हणून कापले जात होते. ते कँटीन मी लागायच्या वर्षभर आधीच बंद पडलं होतं. पैसे परत मिळाले तेव्हा मी पेढे घेऊन खाली गेलो. त्यांनी एक पेढा उचलला आणि एवढंच म्हणाले, "मतलब माझा अंदाज पन्नासच्या वर चुकला नाही."

पागनीस हे होळकरांच्या काळापासूनचं इंदूरचं घराणं. कुणी पूर्वज घोड्यांच्या पागेचा जमाखर्च बघायचे, त्यावरून आडनाव पडलं, असं ते सांगतात. स्वतः मुकुंदरावांनी चौतीस वर्षं पीथमपूरच्या एका गिअरच्या कारखान्यात पगारपत्रकं केली. तिथे सगळे त्यांना पगारबाबू म्हणत. चारशे माणसांचा पगार त्यांच्या हातून जायचा. कुणी मुलीच्या लग्नासाठी उचल घेतली, कुणाच्या पगारातून कोर्टाच्या हुकमानं बायकोला पोटगी जाते, कुणी सोसायटीचं तिसरं कर्ज काढलं, हे त्यांना त्या माणसाच्या भावाच्याही आधी कळायचं. "माणूस बोलतो ते सोडून द्या," ते म्हणतात. "त्याच्या पगारातली कटौती बघा."

निवृत्त झाले तरी सवय गेली नाही. दाताच्या डॉक्टरला त्यांनी तोंडात कापूस असताना विचारलं. डॉक्टरला शब्द कळले नाहीत, म्हणून त्यांनी बोटांनी नोटा मोजून दाखवल्या. सत्यनारायणाच्या पूजेला आलेल्या गुरुजींना विचारलं, आणि गुरुजी दक्षिणेवर अवलंबून आहेत म्हटल्यावर त्यांना सरकारी पेन्शन योजनेचा फॉर्म आणून दिला. एकदा आम्ही शेजारच्या गल्लीत कुणाच्या तरी दहाव्याला गेलो होतो. सगळे मान खाली घालून बसलेले. पागनीस त्या गेलेल्या माणसाच्या बायकोजवळ जाऊन हळूच म्हणाले, "ग्रॅच्युइटी मिळाली होती काय हो त्यांना?" मला जमिनीत शिरावंसं वाटलं. ती मिळाली नव्हती. पुढचे दोन महिने पागनीस त्या बाईंना घेऊन कचेरीत खेटे घालत होते. मिळाल्यावर बाईंनी त्यांना डबाभर शेव पाठवली. ती त्यांनी मला दिली, कारण त्यांना अ‍ॅसिडिटी आहे.

बायको जाऊन बरीच वर्षं झाली. एक मुलगा आहे, निखिल. इंजिनिअर, हैदराबादला असतो. दिवाळीला त्याच्याकडून सुक्या मेव्याचं पार्सल येतं. दोन गल्ल्या पलीकडे त्यांची धाकटी बहीण सुलभाताई राहते. तिचे यजमान लवकर गेले. एका शाळेच्या कचेरीत ती कारकून आहे. तिची मुलगी ऋजुता. मी इथे आलो तेव्हा दोन वेण्या घालून शाळेत जायची. ही गोष्ट तिच्या समाजशास्त्राची आहे.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी ऋजुता महिनाभर रोज पहाटे कचऱ्याच्या गाडीबरोबर फिरली. गाडीवर ज्या बायका ओला-सुका कचरा वेगळा करतात, त्यांच्याशी ती बोलायची आणि वहीत लिहायची. सुलभाताईंनी आधी तिला ओरडून पाहिलं, मग तिचे कपडे वेगळे धुवायला सुरुवात केली. त्या वहीचा तिनं एक निबंध केला. तो दिल्लीकडच्या कुठल्याशा खासगी विद्यापीठाला पाठवला आणि तिथे तिला एम.ए. समाजशास्त्राला प्रवेश मिळाला. दोन वर्षांची फी आणि होस्टेल मिळून नऊ लाख. सुलभाताईंच्या पगारावर बँक एवढं कर्ज देईना. बँक म्हणाली, जामीनदार आणा.

जामीनदार एकच होता. मायलेकी एका रविवारी सकाळी त्याच्याकडे आल्या. मी भाड्याचे पैसे द्यायला खाली आलो होतो, पागनीसांनी मलाही बसवून घेतलं. त्यांना साक्षीदार आवडतात.

"नऊ लाख," ते म्हणाले. "शिकेपर्यंतचं व्याज चढून अकराच्या घरात जाणार. दहा वर्षं फेड. हप्ता चौदा-पंधरा हजार. बराबर?"

"हो मामा," ऋजुता म्हणाली.

"आणि पगार?"

"कसा सांगू? वेगवेगळा असतो."

"सरासरी तरी असेल ना गं काहीतरी," सुलभाताई म्हणाल्या.

"सरासरी कुणाच्या हातात पडत नाही," पागनीस म्हणाले. "माणसं सांग मला. जी हे शिकली आणि कर्ज काढून शिकली. एक-एक माणूस."

"आणि मग सही करणार?" ऋजुतानं विचारलं.

"मग बघणार."

माणसं शोधायचं काम माझ्याकडे आलं. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणजे इंटरनेटवरचं सगळं मला येतं, असा त्यांचा समज आहे. ऋजुतानं काही नावं दिली, काही मी शोधली. माझ्या खात्यावरून मी अकरा अनोळखी माणसांना कळवलं, की एका वयस्क गृहस्थांना तुमचा पगार आणि कर्ज यांविषयी विचारायचं आहे, हेतू शुद्ध आहे. तिघांनी उत्तर दिलं नाही. एकानं मला सायबर पोलिसांत देण्याची धमकी दिली. मी ती पागनीसांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "त्याला लिहा, आकडा राहू द्या, फक्त कटौती कळवा."

उरलेल्या सातांशी ते बोलले. जे इंदुरात किंवा आसपास होते त्यांच्याकडे स्वतः गेले. स्वतः म्हणजे माझ्या स्कूटरवर मागे बसून. बरोबर पुठ्ठ्याला लावलेला एक मोठा कागद. त्यावर कारखान्यातल्यासारखे रकाने आखलेले: नाव, कर्ज, हप्ता, हातात, उरतात. शेवटचा रकाना शेरा. तो अरुंद होता.

पहिला रविवार जुनी इंदूर भागात. तिथे चौहान आडनावाची एक मुलगी सासऱ्यांच्या दुकानात साडीचे फॉल आणि लेस विकत बसली होती. एम.ए. पहिल्या वर्गात. पगार नाही. कर्ज माहेरच्यांनी फेडलं होतं.

"सासरे काही देतात?" पागनीसांनी विचारलं. सासरे तिथेच गल्ल्यावर बसले होते.

"घर का ही काम है अंकलजी," ती म्हणाली. मग लेस मोजता मोजता म्हणाली, "सात साल हो गए शादी को. आज तक किसी ने पूछा नहीं कि मैंने पढ़ा क्या था. आपने पहली बार पूछा."

मी उठायची खूण केली, पण पागनीस तिथे दीड तास बसले. तिनं शिकताना कुठल्या गावात राहून काय पाहिलं होतं ते सगळं ऐकलं. सासऱ्यांनीही ऐकलं, चहा मागवला. निघताना पागनीसांनी कागदावर 'हातात'खाली शून्य लिहिलं आणि शेऱ्यात इतकं लिहिलं की ते शेजारच्या रकान्यात सांडलं.

बंगलोरची एक मुलगी व्हिडिओ कॉलवर आली. मोबाइलचं अ‍ॅप काढणाऱ्या एका कंपनीत होती. हातात एक लाख दहा हजार. पागनीसांनी आकडा दोनदा विचारून घेतला.

"करना क्या पड़ता है?"

"लोगों से मिलती हूँ अंकल. उनके घर जाती हूँ. पूछती हूँ कि कैसे रहते हैं, पैसा कैसे खर्च करते हैं, किस बात की चिंता है."

"इतनाच?"

"इतना ही. जो आप अभी कर रहे हो."

पागनीस माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "माने भिया, मी चाळीस वर्षं हे फुकटात करून राहिलो." त्या दिवशी ते दिवसभर जरा घुश्श्यात होते.

प्रत्येकाला ते शेवटी एक प्रश्न विचारायचे. मला तो यादीतला वाटायचा नाही. "नोकरी नव्हती तेव्हा घरी कुणाला सांगितलं होतं?" बहुतेक जण हसून टाळायचे. बंगलोरची म्हणाली, मम्मीला. चौहानबाई म्हणाली, नोकरी कधी लागलीच नाही, त्यामुळे सांगायचं काय.

महूला देवेंद्र नावाचा एक तरुण होता. तिथल्या एका शाळेत शिकवायचा. हातात सव्वीस हजार, त्यातले अकरा हप्त्याला. कर्ज आणखी पाच वर्षं होतं. बोलायला शांत, नीटनेटका. आई आत भाकरी करत होती. पागनीसांनी त्याला तो प्रश्न विचारला तेव्हा त्यानं आधी आतल्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"आठ महिने काम नव्हतं," तो म्हणाला. "घरी वाटत होतं की आहे. रोज नऊला डबा घेऊन निघायचो आणि स्टेशनवर जाऊन बसायचो. डबा तिथेच खायचा. सहाला घरी."

"कुणालाच नाही सांगितलं?"

"पप्पा सबको बोल चुके थे ना," तो म्हणाला.

पागनीसांनी पेनाचं टोपण लावलं. काही लिहिलं नाही. मला वाटलं आता ते त्याला पीएफबद्दल काही सांगतील, पण त्यांनी पाणी मागितलं. परतीच्या रस्त्यावर ते एक शब्द बोलले नाहीत. माझ्या सात वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. मी समजलो, ऊन लागलं.

पुढच्या रविवारी त्यांनी मायलेकींना बोलावलं आणि कागद टेबलावर पसरला.

"सात माणसं," ते म्हणाले. "दोघांचं बरं चाललंय. एक जण सरकारी परीक्षा देऊन लागला, त्याला या शिक्षणाची गरजच नव्हती. तिघांचा हप्ता पगाराला खाऊन राहिलाय. एकीला पगारच नाही. ऋजुता, हिशेबानं पाहिलं तर हे शास्त्र तुला परवडत नाही. इथल्या कॉलेजात कर. फी काही हजार रुपये आहे."

"इथे शिकवायला कुणी नाही मामा. पाहुणे शिक्षक येतात, तेही परीक्षेच्या तोंडावर."

"तरी डिग्री तीच."

ऋजुता कागद वाचत होती. ती आकड्यांकडे बघत नव्हती, शेरे वाचत होती. डोकं वर न करता तिनं विचारलं, "मामा, निखिलदादाच्या इंजिनिअरिंगला कर्ज काढलं तेव्हा असा कागद केला होता?"

"ऋजू," सुलभाताई म्हणाल्या.

"विचारतेय फक्त."

पागनीसांनी पुठ्ठ्यावरची क्लिप काढली आणि पुन्हा लावली. "नव्हता केला," ते म्हणाले. "तेव्हा सगळ्यांना माहीत होतं ना, की इंजिनिअरला मिळतंच."

माझं भाडं आधीच देऊन झालं होतं, तरी मी खिसे चाचपले. मग पागनीसांनी कागदाची घडी घातली, ती ऋजुताच्या हातात दिली आणि म्हणाले, "बँकेत कधी जायचंय ते सांग."

ऋजुता आता दुसऱ्या वर्षाला आहे. तिला पुढे काय मिळेल ते तिला माहीत नाही, तिच्या आईला नाही आणि पागनीसांना तर मुळीच नाही. त्यांच्या कागदाप्रमाणे त्यांनी सही करायला नको होती, हे ते आजही मान्य करतात. पण मला सांगायचं आहे ते सही केली त्या दिवसाचं.

बँकेत आम्ही चौघं गेलो. कर्जाच्या टेबलावर एक तरुण अधिकारी होता, अग्रवाल नावाचा. पागनीसांनी बसता बसता त्याला पगार विचारला, त्यानं सांगितला, त्यांनी मान डोलावली. इथपर्यंत सगळं नेहमीसारखं होतं. सह्या सुरू व्हायच्या आधी त्यांनी ऋजुताकडे खुर्ची वळवली.

"एक अट आहे," ते म्हणाले. "पगार लागला की मला कळवू नकोस."

"कळवू नको?"

"नको. लागला नाही तर कळव. गेला तर कळव. हप्ता चुकणार असला तर आधी मला फोन, मग बँकेला."

"आणि तुम्ही ओरडणार."

"ओरडेन," ते म्हणाले. "पण तू कळव."

तिनं हो म्हटलं. मग सगळ्यांनी सह्या केल्या. सुलभाताईंना शाळेत परत जायचं होतं, ऋजुता त्यांना सोडायला रिक्षानं गेली. जामीनदाराची माहिती तेवढी भरायची राहिली होती. घर स्वतःचं, ठेवी इतक्या, पेन्शन इतकी, पागनीस भराभर सांगत होते आणि अग्रवाल टाइप करत होता.

"परिवार में और कौन?"

"एक बेटा."

"Earning है?"

"हाँ. हैदराबाद. इंजिनिअर."

"उनकी इन्कम भी लिखवा दीजिए अंकलजी. फाइल स्ट्राँग हो जाती है. कितनी है?"

पागनीस पासबुकाची पानं चाळू लागले. अग्रवालला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं, "अंदाज से बता दीजिए."

"मालूम नहीं," पागनीस म्हणाले.

अग्रवालनं माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या पेनस्टँडकडे पाहिलं. "कोई बात नहीं," तो म्हणाला आणि पुढच्या रकान्यावर गेला.

बाहेर येऊन मी स्कूटर काढली. ते मागे बसले नाहीत. बँकेच्या पायरीवर सावली होती, तिथे उभे राहिले आणि रस्त्याकडे बघत सांगू लागले. आवाज पगारपत्रक वाचल्यासारखा होता.

"निखिलच्या कर्जाला मीच जामीन होतो. त्याला कॉलेजातून नोकरी लागली. हातात अडतीस. मी सगळ्या गल्लीला सांगितलं, कारखान्यात जाऊन सांगितलं. महिन्याच्या एक तारखेला मी त्याला फोन करून आकडा विचारायचो. तो सांगायचा. मग एक दिवस बँकेचा फोन आला, जामीनदाराला. हप्ता नाही आला. चौकशी केली तर नोकरी जाऊन पाच महिने झालेले. चार हप्ते त्यानं मित्रांकडून घेऊन भरले होते, पाचव्याला कुणी दिले नाहीत."

एक सिटी बस थांबली, माणसं उतरली. ती जाईपर्यंत ते थांबले.

"मी लगेच फोन लावला. मी त्याला काय विचारलं असेन?"

मी म्हणालो, मला माहीत नाही.

"विचारलं, मग पाच महिने तू मला सांगून राहिला होतास तो आकडा कोणता होता. हेच विचारलं. जेवतोस कुठे, राहतोस कुठे, ते नाही. त्याची आई तेव्हा होती, तिनं माझ्या हातातून फोन काढून घेतला." त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "नंतर त्याला दुसरी नोकरी लागली. कर्ज सगळं त्यानंच फेडलं, मला एक पैसा घालू दिला नाही. सणाला फोन करतो, तब्येत विचारतो. पण आकडा त्यानं परत सांगितला नाही आणि मी विचारला नाही. नऊ वर्षं झाली असतील."

मी किल्ली फिरवली आणि स्कूटर चालू केली. पागनीसांनी खिशातून मोबाइल काढला. माझ्याकडे थोडी पाठ केली. सण कुठलाच नव्हता, मंगळवार होता, दुपारचे साडेबारा झाले होते.

"हॅलो, निखिल? मी. नाही नाही, सगळं ठीक आहे. कुणाला काही झालं नाही. सहज केला." थोडं थांबून, "कामात असशील तर ठेवतो."

तो कामात नसावा.

"ऋजुताच्या कर्जाला सही केली आत्ता. हो, जामीन. समाजशास्त्र. नाही रे, फार नाही मिळत त्यात. मी सात जणांना भेटून आलो ना. हो, खरंच भेटलो, माने भियांच्या स्कूटरवर." पलीकडून काहीतरी बोलणं आलं आणि पागनीस हसल्यासारखे झाले. मग हसू गेलं. "महूला एक मुलगा होता," ते म्हणाले. "आठ महिने रोज डबा घेऊन स्टेशनवर बसायचा. घरी कळू दिलं नाही." कानाला फोन लावून बँकेच्या भिंतीवर लावलेली कर्जाची जाहिरात बघत राहिले. मग म्हणाले, "तू कुठे बसायचास रे तेव्हा?"

पलीकडून उत्तर सुरू झालं. मला ऐकू येत नव्हतं, पण ते लांबलं. पागनीस पायरीवर खाली बसले. मध्येच "अच्छा" म्हणत होते, कधी नुसताच हुंकार देत होते. मी स्कूटर बंद केली आणि स्टँडवर लावली.